सातच्या ठोक्याला बंद पडणारे कॅमेरे : भोसरीतल्या एका कारखान्याचं स्विच प्रकरण

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीतला एक मध्यम कारखाना. मोठ्या वाहन कंपन्यांना छोटे पार्ट मशिनिंग करून देतात, दोन शिफ्ट, सगळी मिळून ८५ माणसं. नाव आणि ओळखीच्या खुणा काढल्यात, बाकी जसं झालं तसं लिहितोय, माझ्या चुकीसकट, कारण ती चूक नसती तर हे लिहायचं काही खास कारणच नव्हतं.

जागा अशी. पुढे दुमजली ऑफिस, त्यात अकाउंट्स, डिझाइन, स्टोअर आणि खाली डिस्पॅच. मागे आतला रस्ता ओलांडला की मशिन शॉपची पत्र्याची शेड. दोघांमधलं अंतर केबलने मोजलं तर ७० मीटर. ऑफिसमध्ये २६ पीसी, ४ प्रिंटर, ६ आयपी फोन, टॅलीचा एक सर्व्हर, ड्रॉइंग ठेवायला एक नॅस. शेडमध्ये ११ सीएनसी आणि व्हीएमसी (कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चालणारी मशिनं), त्यातल्या ६ नेटवर्कवर, शिवाय ४-५ पीसी आणि हजेरीचं मशिन. कॅमेरे एकूण २१, त्यातले ११ ऑफिस आणि कंपाउंडला, १० शेडमध्ये.

नेटवर्क कुणी डिझाइन वगैरे केलेलं नव्हतं, ते ठिगळं लावत लावत वाढलेलं. नवीन टेबल आलं की बाजारातून हजार-बाराशेचा आठ पोर्टचा नेटवर्क स्विच (कॉम्प्युटरच्या वायरी एकमेकांना जोडणारा डबा, पोर्ट म्हणजे वायर खोचायचं भोक) आणायचा, जवळच्या स्विचमधून वायर ओढायची आणि टेबलाखाली सोडून द्यायचा. मी मोजले तेव्हा असे ९ निघाले. एक तर फॉल्स सीलिंगच्या वर होता, कुणाला माहितीच नव्हता, त्याचा अडॅप्टर ट्यूबलाइटच्या पट्टीतून लाइट घेत होता.

अडचण

मला बोलावलं ते दादांनी, म्हणजे मालकांचा मुलगा, नुकताच कारखान्यात लक्ष घालायला लागलेला. त्याचं म्हणणं सरळ होतं, नेट स्लो आहे, एक मोठा चांगला स्विच सांगा, उद्या पीओ (खरेदीची ऑर्डर) काढतो. मोठ्या साहेबांचं, म्हणजे मालकांचं, म्हणणं त्याहून सरळ होतं, इतकी वर्षं चाललंय ना, मग आता काय झालं.

झालं होतं बरंच काही. दिवसातून तीन-चार वेळा टॅली लटकायचं. आता टॅली लटकलं म्हणजे फक्त अकाउंट्सच्या ताईंची चिडचिड नाही, ई-इन्व्हॉइसचा आयआरएन (सरकारी पोर्टलवरून मिळणारा बिलाचा नंबर) आणि ई-वे बिल निघाल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही, गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि डिस्पॅचचा पोरगा जिन्यावरून वर-खाली. दुसरं, जूनमध्ये वीज कडाडली त्या संध्याकाळी शेडच्या स्विचचे तीन पोर्ट, एनव्हीआरचं (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याचं) नेटवर्क आणि एका व्हीएमसीचं लॅन कार्ड एकदम गेलं होतं. आणि तिसरं, महिन्यातून एकदा कधीतरी सगळंच बंद पडायचं, मग इलेक्ट्रिशियन मामा सगळ्या स्विचचे प्लग काढून परत लावायचे, की चालू.

दोन दिवस मी फक्त वायरी शोधल्या. कागदावर काढल्यावर जे दिसलं ते असं, सर्व्हर आणि एनव्हीआर एका गिगाबिटच्या छोट्या स्विचवर, पण तिथून बाकी जगाकडे जाणारी एकमेव वायर एका जुन्या १६ पोर्टच्या स्विचमध्ये, आणि तो निघाला १०/१०० वाला, म्हणजे जास्तीत जास्त १०० एमबीपीएसचा, गिगाबिटच्या दहावा हिस्सा. २१ कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस, म्हणजे ८४ एमबीपीएस नुसत्या व्हिडिओचे, आणि गल्ली १०० ची. उरलेल्या १६ मध्ये टॅली, ड्रॉइंग, प्रिंट, सगळा कारखाना. डिझाइनवाल्याने दोनेकशे एमबीची असेंब्ली नॅसवर सेव्ह करायला घेतली की ताईंचा स्क्रीन पांढरा पडायचा. इंटरनेटचा काही संबंधच नव्हता, तरी आधीच्या वर्षी त्यांनी लाइन १०० वरून ३०० ची करून घेतली होती. महिन्याचं बिल वाढलं, बाकी काही नाही.

महिन्यातून एकदा सगळं बंद पडण्याचं कारण मला नशिबाने डोळ्यांसमोर मिळालं. तिसऱ्या दिवशी मी रॅकसमोर उभा असताना सगळ्या पोर्टचे दिवे एकदम, एकाच ठेक्यात मिणमिणायला लागले, नेहमीसारखे आपापल्या नादात नाही, सगळे एकत्र. वर मीटिंग रूममध्ये गेलो तर कस्टमरचं ऑडिट होतं, आणि ऑडिटला येणाऱ्यांसाठी टेबलावर ठेवलेल्या स्विचमध्ये एका सुट्या पॅच कॉर्डची दोन्ही टोकं खोचलेली. कुणीतरी टेबल आवरताना लोंबणारी वायर दिसली म्हणून नीट लावून ठेवली होती, हेतू एकदम चांगला. पण लूप झाला, ब्रॉडकास्ट पॅकेट गोल गोल फिरत वाढत गेलं आणि सगळं नेटवर्क बसलं. साध्या अनमॅनेज्ड, म्हणजे आत काही सेटिंग नसलेल्या, स्विचला हे कळतच नाही.

पर्याय

तीन कोटेशन टेबलावर आली.

पहिलं एका मोठ्या इंटिग्रेटरचं. ४८ पोर्टचे दोन लेयर थ्री स्विच (वेगवेगळ्या नेटवर्कांमधली ने-आण स्वतः करणारे), स्टॅक केलेले, १० गिगचे अपलिंक, तीन वर्षांचं लायसन्स, ६ लाख ८० हजार अधिक जीएसटी. दुसरं त्यांच्या नेहमीच्या कॉम्प्युटरवाल्याचं, सगळे गिगाबिट पण सगळे अनमॅनेज्ड, कॅमेऱ्यांना वेगळे स्वस्त पीओई स्विच (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणारे), एकूण ४८ हजार. तिसरं माझं.

दादांचा कल पहिल्याकडे होता. साहेबांचा अर्थातच दुसऱ्याकडे. मी मधला, म्हणून दोघांनाही माझा संशय.

पहिल्याबद्दल मी दादांना म्हटलं, लेयर थ्री कशासाठी हवंय ते आधी ठरवू. आपल्याला व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले कप्पे, लागतील चार, ऑफिस, कॅमेरे, मशिनं आणि पाहुण्यांचं वायफाय, आणि कॅमेऱ्यांचा व्हिडिओ तर कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमध्येच फिरणार कारण एनव्हीआर पण तिथेच. एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जाणारा माल अगदी थोडा, तो तुमचा आत्ताचा फायरवॉल आरामात करतो. १० गिगचं पण तसंच, नॅसमध्ये फिरत्या डिस्क आहेत आणि त्याला एकच गिगाबिट पोर्ट, सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातील, त्यापुढे रस्ता कितीही रुंद केला तरी गाडी तीच. ब्रोशरमध्ये स्विचिंग कपॅसिटी ५६ जीबीपीएस, १२८ जीबीपीएस असं ठळक छापलेलं असतं ना, तो साधा गुणाकार आहे. २४ गिगाबिट आणि ४ गिगाबिट एसएफपी (फायबर लावायचे पोर्ट) म्हणजे २८ पोर्ट, येणं आणि जाणं धरून दुप्पट, ५६. तेच चार एसएफपी १० गिगचे असले की १२८. पोर्ट सगळे एकदम भरून वाहिले तरी स्विच अडणार नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि आजकाल बऱ्यापैकी कुठलाही स्विच तेवढं करतो. त्यावरून निवड करण्यात काही अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या कोटेशनला मात्र मी तितका सहज नाही म्हणू शकलो नाही. खरं सांगायचं तर १०० एमबीपीएसची गल्ली ४८ हजारात रुंद झालीच असती आणि टॅलीचा त्रास ८० टक्के गेला असता. अडत होतं ते दोन गोष्टींवर. लूप परत झाला तर परत मामांनी प्लग काढत फिरायचं. आणि मशिनं. त्यातल्या दोन मशिनच्या पॅनलमध्ये विंडोज एक्सपी, जिचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला, आणि ती मशिनं ताईंच्या पीसीच्याच नेटवर्कवर उघडी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस आला तेव्हा असल्याच जुन्या फाइल शेअरिंगमधून पसरला होता. साहेबांना हे पटलं ते वॉनाक्रायमुळे नाही, मी विचारलं की प्रोग्रॅम गेलेलं मशिन एक शिफ्ट उभं राहिलं तर किती जातात, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

माझं कोटेशन असं होतं. २४ पोर्टचे दोन एकसारखे स्मार्ट मॅनेज्ड पीओई स्विच, १९५ वॉट बजेटचे (सगळ्या पोर्टना मिळून एवढीच वीज देणारे), एक ऑफिसला एक शेडला, प्रत्येकी ३८ हजार. ऑफिसच्या पीसींसाठी बिनपीओईचा २४ पोर्टचा एक, १९ हजार. दोन इमारतींमध्ये फायबर, मॉड्यूल आणि मजुरीसकट ४२ हजार. शेडसाठी कॅबिनेट आणि यूपीएस २३ हजार. माझं काम ३० हजार. झाले १ लाख ९० हजार. आणि वर एक ओळ होती, तसाच तिसरा पीओई स्विच, स्पेअर, ३८ हजार. ती ओळ साहेबांनी लाल पेनाने आडवी खोडली. चालू वस्तू कपाटात कोण ठेवतं, म्हणाले.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वर्गात सिस्को, एचपीई अरुबा, टीपी-लिंकचं ओमाडा, नेटगियर, डी-लिंक, आपल्या गोव्यातल्या वेर्ण्याच्या स्मार्टलिंकचं डिजिसॉल असे बरेच आहेत, आणि २० व्हीलॅनसुद्धा न लागणाऱ्या कारखान्याला यातला कुठलाही नीट लावला तर चालतो. मी डीलरांना दोनच प्रश्न विचारले. बंद पडला तर बदली पुण्यात किती दिवसांत, आणि सेटिंग बघायला दर वर्षी पैसे भरावे लागतात का. पहिल्या प्रश्नाला एकाने ‘सर, आमचा बंद पडतच नाही’ असं उत्तर दिलं, तो तिथेच कटला.

निर्णय जिथे अडला

ऑफिस आणि शेड जोडायला फायबर की कॉपर, यावर मला वाटलं होतं वाद होणार नाही, पण झाला. ७० मीटर आहे, कॅट सिक्सची मर्यादा १०० मीटर, मग ४२ हजार कशाला, हा दादांचा प्रश्न बरोबरच होता. अंतराचा मुद्दाच नव्हता. दोन इमारती, दोघांचं अर्थिंग वेगळं, आणि मधे तांब्याची वायर, जवळपास वीज पडली की दोन अर्थिंगमधला फरक त्या वायरीतून पळतो आणि वाटेत स्विचचे पोर्ट येतात. जूनमध्ये तेच झालं होतं. फायबरमधून वीज जात नाही. पण एक बारीक भानगड आहे, बाजारात सहज मिळणारी आर्मर्ड फायबर घेतली तर तिच्यात स्टीलचं कवच असतं, म्हणजे परत धातू आलाच. मी बिनधातूची ६ कोअर सिंगल मोड घेतली आणि एचडीपीई पाइपातून जमिनीखालून नेली. दोन कोअर वापरात, चार पडून. मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी वायर जोडणारे छोटे डबे) वापरले असते तर चार-पाच हजार वाचले असते, पण त्यांचे ते छोटे अडॅप्टर शेडच्या व्होल्टेजवर टिकत नाहीत हा माझा अनुभव, म्हणून थेट स्विचमध्येच एसएफपी.

शेडचा स्विच ठेवायचा कुठे, याला मात्र आठवडा गेला. आधी खांबावर कॅबिनेट लावायचं ठरलं होतं. मी एक जुनं बंद कॅबिनेट तिथे टांगून आत थर्मामीटर ठेवला, नोव्हेंबर असूनही दुपारी ४१ दाखवला, पत्रा तापतो आणि बंद डब्यातली हवा हलत नाही. मे महिन्यात काय होईल याचा अंदाज बांधा, आणि आत चालू स्विचची स्वतःची उष्णता वेगळीच. फिल्टरचा पंखा लावला तर कूलंटचा तेलकट धूर आणि बुरा आत खेचणार, तीन महिन्यांत बोर्डावर काळी साय. अख्ख्या शेडमध्ये थंड आणि स्वच्छ खोली एकच, क्यूसीची (क्वालिटी तपासणीची) स्टँडर्ड रूम, मोजमापासाठी ती २० डिग्रीला ठेवतात. क्यूसीचे सर ऐकेनात, त्यांचं म्हणणं तुमच्या डब्याची उष्णता आणि फॅनची थरथर माझ्या सीएमएमजवळ (मोजमापाच्या मशिनजवळ) नको. बरोबर होतं त्यांचं. शेवटी त्या खोलीला लागून असलेला गेज ठेवायचा छोटा पॅसेज मिळाला, तिथे क्यूसीच्या एसीची हवा जाळीतून येते, आणि चप्पल काढूनच आत जावं लागतं, त्यामुळे धूळही नाही.

तिसरा मुद्दा क्लाउड अकाउंटचा. स्विच मोबाइलवरून बघता येतात, सोय चांगली आहे, पण अकाउंट कुणाच्या नावावर? त्यांच्या आधीच्या वायफायवाल्याने सगळं स्वतःच्या मेल आयडीवर केलं होतं, त्याच्याशी बिघडलं, आणि सहा ॲक्सेस पॉइंट शिडी लावून एकेक करून रिसेट करावे लागले. म्हणून कंपनीचा एक वेगळा मेल आयडी काढला, पासवर्ड लिफाफ्यात, लिफाफा ताईंच्या तिजोरीत. मी त्यात फक्त एक युजर, उद्या माझ्याशी बिघडलं तर एका क्लिकमध्ये काढता येईल असा.

अंमलबजावणी

भोसरीत गुरुवारी सुट्टी, म्हणून काम फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी. २० तारखेच्या आसपासचा गुरुवार ताईंनी आधीच बाद केला, जीएसटीआर ३बी भरायचं असतं. आता गुरुवार म्हटलं की महावितरणचं मेंटेनन्सही गुरुवारीच, हे मी इतकी वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये काम करून विसरलो. सकाळी दहाला लाइट गेली ती चारला आली. जनरेटरवर काम केलं, डिझेलचं बिल साहेबांनी मला दाखवलं, मागितलं नाही, नुसतं दाखवलं.

पॅच कॉर्ड रंगावर लावल्या, निळी ऑफिस, पिवळी कॅमेरा, लाल मशिन. रॅकच्या दाराला आतून एक फोटो चिकटवला, कुठली वायर कुठे, मोठ्या अक्षरात मराठीत. हे मामांसाठी, कारण रात्री दहाला काही झालं तर तिथे मी नसणार, दादा नसणार, मामा असणार.

शुक्रवारी सकाळी एकदम सात पीसींना आयपीच (नेटवर्कवरचा पत्ता) मिळेना, १६९.२५४ ने सुरू होणारे आकडे, पत्ता मिळाला नाही की पीसी स्वतःच घेतो ते. लूप पकडण्यासाठी स्पॅनिंग ट्री चालू केलं होतं आणि पीसींच्या पोर्टना एज पोर्ट (पुढे फक्त पीसी आहे, थांबू नको) म्हणून सांगायचं राहिलं होतं, त्यामुळे पीसी चालू झाला की पोर्ट १५ अधिक १५ सेकंद विचार करत बसायचा आणि तोवर पीसी आयपी मागून दमायचा. थोड्या वेळाने आपोआप मिळत होता, पण नऊ वाजता सगळे एकदम ओरडल्यावर थोडा वेळ फार मोठा असतो. दहा मिनिटांचं काम, पण पहिल्याच सकाळी इज्जत गेली.

एक व्हीएमसी अजून रडत होती, प्रोग्रॅम पाठवायला मिनिटंच्या मिनिटं. तिच्या कार्डावर कुणीतरी पूर्वी १०० फुल (१०० एमबीपीएस, येणं-जाणं एकाच वेळी) असं पक्कं करून ठेवलेलं, आणि स्विच ऑटोवर, समोरून उत्तर येत नाही म्हटल्यावर स्विच हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच दिशा) धरतो, मग टक्कर, परत पाठव, परत टक्कर. पोर्टच्या पानावर एररचा आकडा पळताना दिसला म्हणून कळलं. स्विचचा पोर्टही १०० फुल केला, तोच प्रोग्रॅम काही सेकंदात. अनमॅनेज्ड स्विचवर हे दिसलंही नसतं आणि करताही आलं नसतं.

टेबलाखालचे ९ स्विच पैकी ७ काढले. दोन राहिले, तिथे नवीन वायर न्यायला भिंत फोडावी लागत होती. मीटिंग रूममधला काढला.

सातचा प्रकार

मार्च महिना छान गेला. टॅली लटकणं थांबलं, ताईंनी एकदा स्वतःहून चहा पाजला. एप्रिलमध्ये कंपाउंडच्या मागच्या भिंतीला चार कॅमेरे वाढवले, भंगार चोरीला जात होतं. कॅमेरावाल्याने ऑफिसच्या पीओई स्विचचे शेवटचे चार पोर्ट घेतले, २१ ते २४, दिवसा टेस्ट केलं, फोटो पाठवले, बिल घेतलं.

त्या संध्याकाळपासून सातला नवीन चारपैकी तीन कॅमेरे जायचे. कधी एखादा यायचा, दोन मिनिटं चित्र, परत अंधार. सकाळी सातला सगळे ठणठणीत. कॅमेरावाल्याने दोन कॅमेरे बदलून दिले, मग वायर बदलली, मग म्हणाला स्विचवाल्याला विचारा. वॉचमन म्हणाला की चोरांनाही आता वेळ कळली असणार.

मी रात्री आठला गेलो आणि स्विचचं पीओईचं पान उघडलं, आणि तिथेच खाली बसलो. जानेवारीत कोटेशन पक्कं करण्याआधी मी त्यांच्या जुन्या पीओई बॉक्सवर मीटर लावून बेरीज केली होती, १० कॅमेरे ५ वॉटने ५०, गेटचा फिरता पीटीझेड कॅमेरा १२, तीन ॲक्सेस पॉइंट ३३, सहा फोन २४, एकूण ११९. बजेट १९५, म्हणजे ७६ शिल्लक, भरपूर. पण मी मोजलं होतं दुपारी तीनला. अंधार पडला की कॅमेऱ्याचे आयआर एलईडी (अंधारात बघायचे दिवे) लागतात, तोच ५ वॉटचा कॅमेरा १० खातो, पीटीझेड २२ वर जातो. म्हणजे मी ज्याला भरपूर म्हणत होतो ते रात्री पहिल्या दिवसापासून १७९ होतं. त्यावर नवीन चार, रात्रीचे ४०, झाले २१९.

सगळ्या पोर्टची प्रायॉरिटी सारखी, अशा वेळी हा स्विच मोठ्या नंबरचा पोर्ट आधी तोडतो, २४, २३, २२ गेले, उरले १८९. मग एक कॅमेरा परत मागतो, चालू होताना त्याला ५ च लागतात, १९४, बसतं. दोन मिनिटांनी त्याचे आयआर लागतात, १९९, परत तुटला. रात्रभर हा खेळ. एकही वस्तू बिघडलेली नव्हती.

बरं, हे आकडे प्रत्यक्ष खर्चाचे. काही स्विच वस्तूच्या क्लासप्रमाणे (ती जास्तीत जास्त किती वीज घेईल त्या श्रेणीप्रमाणे) जागा राखून ठेवतात, क्लास ३ म्हटलं की खर्च ५ असो वा १०, पोर्टमागे १५.४ वॉट अडकवले. तसा स्विच असता तर पहिल्याच दिवशी बोंब झाली असती आणि माझी चूक फेब्रुवारीतच सापडली असती.

आता करायचं काय. प्रायॉरिटी बदलून फोन रात्री बंद पाडता आले असते, रात्री फोन कुणाला लागतात, पण दुसरी शिफ्ट आहे आणि गेटचा फोन त्यातच. चार कॅमेऱ्यांसाठी वेगळा आठ पोर्टचा पीओई स्विच सहा-सात हजारात आला असता, दादा म्हणाले तेच करू. मीच नको म्हटलं, ज्या ठिगळांपासून सुरुवात केली तिथेच परत जात होतो. त्याच कंपनीचा ३७० वॉटवाला २४ पोर्टचा घेतला, ५७ हजार, त्यातले २० हजार मी सोडले कारण दुपारी तीनला मोजणारा मी होतो. ३७० वाल्याचा फॅन जोरात वाजतो, अकाउंट्सच्या केबिनमागे रॅक आहे, ताई अजून त्याबद्दल बोलतात.

निघालेला १९५ वॉटचा स्विच कपाटात गेला. साहेबांनी लाल पेनाने खोडलेला स्पेअर असा आपोआप आला.

निकाल

ऑगस्टमध्ये एका रात्री शेडमध्ये फेज गेला, व्होल्टेज वर-खाली झालं, यूपीएस स्वतः गेला आणि जाताना स्विचचा पॉवर सप्लाय घेऊन गेला. साडेनऊला मामांचा फोन. मी गावी होतो, साताऱ्याजवळ. मामांनी कपाटातला स्विच काढला, दाराच्या फोटोप्रमाणे रंग बघून वायरी लावल्या, दादांनी घरून येऊन लॅपटॉप जोडला आणि नॅसवर ठेवलेली सेटिंगची फाइल चढवली. मॉडेल तेच असल्याने ती जशीच्या तशी बसली. ५० मिनिटांत शेड चालू. वॉरंटीतली बदली यायला ११ दिवस लागले.

त्या पावसाळ्यात वीज दोन-तीनदा जवळ कडाडली, एकही पोर्ट गेला नाही. लूप एकदा झाला, राहिलेल्या दोन छोट्या स्विचपैकी एकात, मॅनेज्ड स्विचने तेवढा एक पोर्ट बंद केला आणि मोबाइलवर नोटिफिकेशन आलं, स्टोअरची दोन टेबलं सोडून कुणाला कळलंही नाही.

परत करायचं झालं तर

पीओईचं माप मी आता रात्री घेतो, पीटीझेड फिरवत ठेवून, आणि त्या आकड्यावर तिसरा हिस्सा वाढवून मग मॉडेल बघतो. २४ पोर्ट लिहिलंय म्हणून २४ वस्तू चालतील असं नसतं, १९५ ला २४ ने भागलं तर पोर्टमागे ८ वॉटच येतात, हे मला माहिती होतं, तरी मी केलं नव्हतं.

स्पेअरसाठी मी भांडायला हवं होतं. साहेबांनी ओळ खोडली तेव्हा मी लगेच हो म्हटलं, कारण एकूण आकडा दोन लाखांच्या आत आला की सही लवकर होते हे मलाही हवं होतं. शेडच्या यूपीएसला आधी एक चांगला स्टॅबिलायझर किंवा सर्ज प्रोटेक्टर लावायला हवा होता, तोही आता लावला. एक्सपीवाल्या मशिनना प्रोग्रॅम द्यायला त्यांच्याच व्हीलॅनमध्ये एक छोटा पीसी ठेवला, ते आधीच्या यादीत नव्हतं, नंतर सुचलं.

आणि केबल. नवे पोर्ट गिगाबिट असूनही पहिल्या मजल्यावरचे पाच पीसी अजून १०० वरच जोडतात. एक तुकडा कापून पात्याने खरवडला तर वरून तांब्याचा रंग आणि आतून पांढरं, सीसीए, म्हणजे ॲल्युमिनियमला तांब्याचा मुलामा. फॉल्स सीलिंगच्या वर तशी किती आहे ते सीलिंग उघडल्याशिवाय कळणार नाही. त्याचं कोटेशन मी दिवाळीआधी दिलंय, साहेबांच्या टेबलावर आहे, अजून लाल पेन लागलेलं नाही.